दोनशे पौंडांचा कान

चिपळूणच्या एका आजींचं पत्र आलं आहे. मुलगा-सून इंग्लंडमध्ये लेस्टरला, नातू अकरा वर्षांचा. वाढदिवसाला त्याला मेटल डिटेक्टर हवा आहे. मुलाने दोनशे पौंडांची मर्यादा घातली आहे. दुकानदार मात्र सातशेच्या खाली बोलायला तयार नाही. आजींचे प्रश्न दोन. स्वस्तातलं यंत्र घेतलं तर पैसे वाया जातील का? आणि नाताळच्या सुट्टीत नातू ते घेऊन गावी आला, तर चालेल का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे : नाही जाणार. २००९ च्या जुलैत स्टॅफर्डशरमधल्या हॅमरविच गावाजवळ, नांगरलेल्या शेतात टेरी हर्बर्ट यांना अँग्लो-सॅक्सन काळातल्या सोन्याचा साठा सापडला. त्याचं मोल ३२ लाख ८५ हजार पौंड ठरलं. तेव्हा वर्तमानपत्रांनी चवीने छापलेला तपशील असा, की हर्बर्ट यांचं यंत्र जुन्या बाजारात अडीच पौंडांना घेतलेलं होतं. दुकानदार हे सांगणार नाहीत. सोनं सापडलं ते त्या शेतात सोनं होतं म्हणून, आणि महागड्या यंत्राने तिथे आणखी सोनं उगवलं नसतं.

दुसरी गोष्ट माझ्या जास्त आवडीची. १९९२ साली सफोकमधल्या हॉक्सन गावी एरिक लॉझ हे गृहस्थ शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला निघाले. सापडली रोमन काळातली जवळजवळ पंधरा हजार नाणी, शिवाय सोन्याचे दागिने आणि चांदीचे चमचे. थोडं खणल्यावर लॉझ थांबले आणि त्यांनी वर्दी दिली. त्यामुळे पुरातत्त्वज्ञांना तो साठा पेटीत रचला होता तसाच, जागच्या जागी उकलता आला. हातोडाही मिळाला. तोही आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे!

आता दुकानदाराचा मुख्य दावा घेऊ : महाग यंत्र खोल बघतं. बघतं, पण किती? यंत्राच्या कॉइलचं, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचं, चुंबकीय क्षेत्र, जरा लांब गेल्यावर, अंतराच्या घनाच्या प्रमाणात ओसरतं. त्या क्षेत्रामुळे नाण्यात गोल फिरणारे प्रवाह उठतात. त्या प्रवाहांचं स्वतःचं इवलंसं क्षेत्र वर कॉइलपर्यंत येताना पुन्हा घनाच्याच प्रमाणात ओसरतं. घन गुणिले घन, म्हणजे सहावा घात. नाणं दुप्पट खोल गेलं की संकेताचा चौसष्टावा भाग हाती लागतो. या सहाव्या घातापुढे पैशाचं फारसं चालत नाही. बऱ्यापैकी साधं यंत्र एकटं नाणं वीतभर खोलीवर ऐकतं. तिप्पट किमतीचं यंत्र त्याखाली आणखी काही बोटं. ‘दहा मीटर खोलीवरचं सोनं’ अशी जाहिरात दिसली की पान उलटावं.

मग पैसे कशासाठी मोजायचे? कचरा ओळखण्यासाठी. जमिनीत नाण्यांपेक्षा खिळे, पत्रे, बाटल्यांची झाकणं आणि चॉकलेटच्या चांद्या कितीतरी पटींनी जास्त असतात. यंत्राची खरी परीक्षा असते ती ‘काय आहे’ हे सांगण्यात. इथे लेझीमचं पथक डोळ्यांसमोर आणा. हलगीचा ठोका सगळ्यांना एकच. कुणाचं पाऊल ठोक्यावरच पडतं, कुणाचं किंचित मागून, कुणाचं आणखी उशिरा. कॉइलचं क्षेत्र सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलतं, ती हलगी. लोखंडाचा खिळा मुख्यतः चुंबकत्वाने प्रतिसाद देतो, म्हणून तो जवळजवळ ठोक्यासोबत असतो. पातळ चांदीचा कागद थोडा मागे पडतो. तांब्या-रुप्याच्या जाड नाण्यात प्रवाह लवकर मावळत नाहीत, म्हणून ते सर्वांत मागे राहतं. यंत्र हे मागे पडणं मोजतं आणि पडद्यावर त्याचा आकडा दाखवतं. पंचाईत एवढीच, की सोन्याची नाजूक अंगठी आणि डब्याच्या झाकणाची अॅल्युमिनियमची कडी पुष्कळदा एकाच वेळी पाऊल टाकतात. हा निसर्गाचा नियम आहे, सातशे पौंडांनीही बदलत नाही. अंगठी हवी असेल तर कड्या उकरायला लागणार.

या विद्येचं श्रेय सहसा अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना दिलं जातं. मला ते पटत नाही. खरा मान डेव्हिड एडवर्ड ह्यूज यांचा. १८७९ साली लंडनमध्ये त्यांनी ‘इंडक्शन बॅलन्स’ मांडला : कॉइलच्या दोन जोड्या अशा जुळवलेल्या, की एकीचा परिणाम दुसरीने पुसून टाकावा आणि कानाला लावलेला टेलिफोन गप्प राहावा. घड्याळाची टिकटिक मायक्रोफोनमधून त्यात सोडलेली. एका बाजूला नाणं ठेवलं की टिकटिक ऐकू येते. दुसऱ्या बाजूला तंतोतंत तसंच नाणं ठेवलं की पुन्हा शांतता. पण त्यातलं एक नाणं झिजलेलं किंवा खोटं असेल तर टिकटिक राहतेच. आजच्या बऱ्याच दोनशे पौंडी यंत्रांच्या कॉइलमध्ये इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी एकमेकांवर थोडी चढवलेली असतात, ती हीच शांतता साधण्यासाठी.

ह्यूज यांचं दुर्दैव असं, की याच उपकरणाशी खटपट करताना एका ढिल्या जोडणीमुळे त्यांना लांबवर ठेवलेल्या टेलिफोनमध्ये खरखर ऐकू आली. ते टेलिफोन कानाला लावून ग्रेट पोर्टलंड स्ट्रीटवर शेकडो यार्ड चालत गेले. खरखर येतच राहिली. रेडिओलहरींचं श्रेय मिळालेल्या हर्ट्झ यांच्या कितीतरी आधी त्यांनी त्या पकडल्या होत्या. १८८० च्या फेब्रुवारीत रॉयल सोसायटीची मोठी मंडळी प्रयोग पाहून गेली. त्यांतल्या स्टोक्स यांनी ‘हे नेहमीचंच इंडक्शन’ असा निवाडा दिला. ह्यूज खट्टू झाले आणि त्याबद्दल जवळजवळ वीस वर्षं गप्प बसले.

बेल यांची कथा त्यानंतरची. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. शरीरात रुतलेली गोळी शोधायला बेल यांनी ह्यूज यांचाच बॅलन्स सुधारून घेतला. अंगात जुन्या गोळ्या घेऊन फिरणाऱ्या युद्धातल्या सैनिकांवर तो उत्तम चालला. अध्यक्षांवर मात्र फसला. उपचार करणाऱ्या डॉक्टर ब्लिस यांनी फक्त उजवी बाजू तपासू दिली, गोळी होती डावीकडे. त्यातच अध्यक्षांच्या गादीत पोलादी स्प्रिंगांचं जाळं होतं. आपल्या नवशिक्या नातवाला पहिल्याच दिवशी बागेत लोखंडी कुंपणाशेजारी जे ऐकू येईल, तेच बेल यांना व्हाइट हाउसमध्ये ऐकू आलं. सप्टेंबरात गारफिल्ड गेले. गंमत पाहा : ह्यूज यांच्या बॅलन्सचा कान म्हणजे बेल यांचा टेलिफोन, आणि बेल यांचं शोधक यंत्र म्हणजे ह्यूज यांचा बॅलन्स. रॉयल सोसायटीने पुढे ह्यूज यांच्या नावाने पदक सुरू केलं. १९१३ साली ते कुणाला मिळालं? बेल यांना.

असो, खरेदीकडे वळू. दोनशे पौंडांत गॅरेट, नोक्ता, मायनलॅब अशा नावाजलेल्या कंपन्यांची सुरुवातीची यंत्रं मिळतात, कधी नवी, कधी वापरलेली. वापरलेलं घ्यायला हरकत नाही. दांडा आणि केबल तेवढी नीट पाहावी. आकडा दाखवणारा पडदा, पाण्यात चालणारी कॉइल आणि जमिनीशी जुळवून घेण्याची सोय, एवढं असलंच पाहिजे. वजन दीड किलोच्या आत. (दुसऱ्या महायुद्धात योझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने बनवलेलं सुरुंगशोधक यंत्र चौदा किलोंच्या आसपास होतं. त्याने पेटंटही घेतलं नाही. अल अलामीनच्या लढाईत अशी पाचशे यंत्रं वापरली गेली. मुलाच्या मनगटाला मात्र चौदा किलो नकोत.) सगळे पैसे यंत्रावर उधळू नयेत. वीस-तीस पौंड नेमकी जागा दाखवणाऱ्या, हातात धरायच्या लहान पिनपॉइंटरसाठी आणि चांगल्या खुरप्यासाठी राखावेत, नाहीतर प्रत्येक खिळ्यासाठी परातीएवढा खड्डा होतो.

एका वस्तूच्या वाटेला मात्र अजिबात जाऊ नये : दुरून दिशा दाखवणारी, अँटेना वळवणारी यंत्रं. एडीई ६५१ नावाचा असलाच ‘स्फोटकशोधक’ ब्रिटनच्या जेम्स मॅककॉर्मिकने इराकला विकला. मूळ वस्तू गोल्फचे चेंडू शोधण्याचं बनावट खेळणं, आत चालणारं काहीच नाही. तपासनाक्यांवर माणसं त्याच्या भरवशावर उभी होती. २०१३ साली मॅककॉर्मिकला दहा वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं म्हणत. तो निदान यंत्राचे पैसे मागत नव्हता.

आता गावाकडचा प्रश्न. इंग्लंडमध्ये जमीनमालकाची परवानगी घेतली, संरक्षित स्थळं टाळली आणि ‘ट्रेझर’ ठरेल अशी वस्तू चौदा दिवसांत कॉरोनर या अधिकाऱ्याला कळवली की हा राजरोस छंद आहे. आपल्याकडे चित्र वेगळं. १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्यानुसार दहा रुपयांवरचं गुप्तधन सापडलं तरी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि संरक्षित किल्ल्याच्या आवारात विनापरवाना खोदणं १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. २०२५ च्या मार्चमध्ये ‘छावा’ चित्रपट पाहून, खजिन्याच्या आशेने बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या पायथ्याशी लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन शेतं उकरत सुटले होते. नातवाला त्या वाटेने नेऊ नका, आणि गुहागर-दापोलीचा एखादा किल्ला ‘नुसता बघू’ म्हणूनही नको.

स्वतःच्या अंगणात मात्र खुशाल फिरू दे. कोकणातली जांभ्याची तांबडी माती लोहाच्या ऑक्साइडांनी भरलेली. यंत्र तिथे लेस्टरपेक्षा जास्त बडबडेल, खोलीही कमी देईल. संवेदनशीलता थोडी उतरवायची आणि जमिनीशी जुळवणी पुन्हा करायची. मग आजींनी आधी वेगवेगळी नाणी चार, आठ, बारा बोटं खोल पुरून ठेवावीत आणि नातवाने ती आवाजावरून ओळखावीत. फक्त हल्लीचा रुपया पुरू नये. तो चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचा असतो. लोखंड वगळण्यावर लावलेलं यंत्र त्याला खिळा समजून सोडून देईल. ऐंशीच्या दशकातला तांबे-निकेलचा रुपया डब्यात असेल तर तो काढा, आणि सोबत तांब्याचा एखादा जुना पैसा.