मुरुमांचा चेहरा धुताना

मुरूम मळामुळे येत नाहीत. तैलग्रंथींतले तेल आणि मृत पेशी मिळून रोमछिद्र बुजवतात, आत जिवाणू वाढतात आणि पुळी सुजते. म्हणून चेहरा खसाखसा घासल्याने दाह तेवढा वाढतो. त्वचेचा सामू साधारण ५ असतो, अंगाच्या साबणाचा बहुधा ९ ते १०. म्हणून साबणाऐवजी सौम्य फेसवॉश आणि कोमट पाणी दिवसातून दोनदा पुरे. लिंबू चोळणे तर आगीत तेलच. तेलकट त्वचेलाही ओलावा लागतो, विशेषतः बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा अ‍ॅडापलीनसारखी कोरडेपणा आणणारी औषधे चालू असताना. ग्लिसरीनयुक्त, छिद्रे न बुजवणारे हलके मॉइश्चरायझर किंचित ओलसर चेहऱ्यावर लावावे. खोबरेल तेल चेहऱ्याला नको. केसांना लावलेलेही कपाळावर उतरू देऊ नये.