काट्याला वजन कसे कळते?

श्रोतेहो, उसाची गाडी काट्यावर चढते, थोड्याच वेळात खिडकीशी लाल आकडे उमटतात आणि त्या आकड्यांवर तुमच्या वर्षा-दीड वर्षाच्या कष्टांचा हिशेब होतो. जुन्या काट्याची दांडी निदान डोळ्यांना दिसे. या काट्यात हलताना काहीच दिसत नाही. मग त्याला वजन कळते तरी कसे?

काट्याच्या फळीखाली पोलादाचे भक्कम ठोकळे असतात. पोलाद कितीही कणखर असो, भार पडला की ते किंचित दबतेच आणि भार निघाला की पूर्ववत होते. हे दबणे फार तर हजारात एखाद्या भागाचे. ते टिपण्यासाठी ठोकळ्याला धातूची नागमोडी, बारीक पट्टी घट्ट चिकटवतात. ठोकळ्याबरोबर तीही ताणते किंवा आखडते. ताणली की ती लांब व बारीक होते, आणि विजेला तिच्यातून जायला अधिक अडथळा होतो. आखडली की याच्या उलट. ३५० ओहमच्या पट्टीत हा फरक पुऱ्या भारालाही पाऊण ओहमच्या आतबाहेर! म्हणून चार पट्ट्या चौकोनात जोडतात, दोन ताणणाऱ्या, दोन आखडणाऱ्या. उन्हाने चारही सारख्याच तापतात. त्यामुळे उन्हाचा परिणाम बहुतेक आपसांत फिटतो आणि भाराचा तेवढा उरतो. अशा पट्टीची युक्ती १९३८ साली अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांना स्वतंत्रपणे सुचली.

बाहेरचा बदल विजेच्या भाषेत सांगणाऱ्या अशा साधनाला संवेदक किंवा सेन्सर म्हणतात. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. संवेदकाला दाब कळतो, किलो कळत नाहीत. किती विजेला किती किलो म्हणायचे, हे माणूस प्रमाणित वजने ठेवून ठरवतो. तिथे चूक झाली तर आकडा चुकीचा, मग तो कितीही लखलखीत का असेना. दहा टनांत शेकडा एकाची चूक म्हणजे १०० किलो ऊस! फळीखाली दगड अडकला, तरी थोडा भार त्याच्यावर जातो आणि वजन कमी दिसते.

तेव्हा गाडी चढण्यापूर्वी आकडा शून्य आहे ना, ते पाहा. मात्र शून्य बरोबर म्हणजे सारेच बरोबर, असे नव्हे. वैधमापन खात्याची दरवर्षीची पडताळणी झाली आहे का, हेही विचारा. विचारण्यात संकोच कसला?

गुरुजनांनी वर्गात रबराच्या पट्टीवर शाईच्या दोन खुणा करून तिला वजने टांगावीत. खुणांमधले अंतर वाढताना मुलांना दिसले, की काट्याचे अर्धे गुपित त्यांना उमगेल.