नावाचा वारसा

ठाकूरद्वारच्या नाक्यावरून समुद्राकडे चालत निघालं की चर्नी रोड स्टेशन येतं. या नावातली ‘चरणी’ गुरांची, असं गिरगावातले जुने लोक सांगतात. 1838 च्या सुमारास सरकारने मैदानावर गुरं चारायला कर लावला. गरीब गाईवाल्यांना तो झेपेना, तेव्हा जमशेटजी जीजीभाईंनी ठाकूरद्वारजवळची कुरणं वीस हजार रुपयांना विकत घेऊन गुरांना मोकळी करून दिली.

लहानपणीच पोरका झालेला हा मुलगा बाटलीवाला मामांच्या हाताखाली धंदा शिकला. चीनच्या सफरी करून त्याने कापूस आणि अफूच्या व्यापारात अफाट पैसा मिळवला. त्या पैशात अफूचाही वाटा होता, हे विसरू नये. जे. जे. रुग्णालय आणि माहीमचा कॉजवे याच कुटुंबाच्या पैशातून उभे राहिले, हेही तितकंच खरं.

1842 मध्ये ते ‘सर’ झाले. पण नाइटहूड माणसाबरोबरच संपतं. 1857 मध्ये मिळालेली बॅरोनेटसी मात्र वंशपरंपरागत होती, आणि ती मिळालेले ते पहिले भारतीय. बॅरोनेट हा लॉर्ड नव्हे, त्याला उमरावांच्या सभेत जागा नाही. पण ‘सर’ ही उपाधी बापाकडून मुलाकडे जाते.

पारशी रिवाजात मुलाच्या नावामागे बापाचं नाव लागतं, त्यामुळे पिढीगणिक नाव बदलायचं. मग किताब टिकायचा कोणत्या नावावर? त्यावर 1860 मध्ये खास कायदा झाला: गादीवर येणाऱ्याने स्वतःचं नाव सोडून ‘जमशेटजी जीजीभाई’ हेच नाव घ्यायचं. इतमाम राखता यावा म्हणून मालमत्ताही विश्वस्तांकडे बांधून ठेवली. पहिले सर 1859 मध्ये वारले होते. थोरले चिरंजीव खर्शेदजी दुसरे सर जमशेटजी झाले. त्यांचे चिरंजीव माणेकजी तिसरे. 1898 मध्ये माणेकजी गेले आणि धाकटे भाऊ कावसजी चौथे झाले. एकाच आईबापांची ही दोन मुलं, आणि एकापाठोपाठ दोघांनाही आजोबांचंच नाव घ्यावं लागलं! मला या कायद्यात हीच गोष्ट सर्वात हृद्य वाटते. आजोबांचं नाव नातवाला ठेवण्याची आपली घरगुती रीत इथे सरकारी दप्तरात शिरली.

1890 मध्ये दिनशा माणेकजी पेटिट बॅरोनेट झाले. त्यांच्या वारसांनाही तीच अट लागली.