जुन्या मोटारीचा नट सैल होतो तेव्हा

मुक्तिपूर्व गोमंतकात परदेशी मोटारी आल्या आणि आज त्यांपैकी एखादी कुणी हौसेने नव्याने उभी करतो, तेव्हा सारे लक्ष रंग, क्रोम आणि गाद्यांकडे जाते. सुकाणूचा सांधा धरून ठेवणाऱ्या चार आण्यांच्या नटाकडे कुणी पाहत नाही. वास्तविक डिचोलीच्या खडबडीत खाणरस्त्यावर गाडीची परीक्षा तोच घेतो.

नट सैल होतो तो मुख्यतः आडव्या हादऱ्यांनी. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी 1969 मध्ये हे प्रयोगाने दाखवले: बोल्टाला काटकोनात धक्के बसले की आट्यांमधले घर्षण क्षणभर नाहीसे होते आणि नट आपोआप उलटा फिरू लागतो. अशा चाचण्यांत साधा स्प्रिंग वॉशर फारसा टिकाव धरत नाही. गॅरेजांत मात्र त्यावरची श्रद्धा अढळ आहे.

सुकाणू आणि चाकाच्या हबवर खाचांचा नट व स्प्लिट पिन हीच जुनी जोडी उत्तम. सुकाणूच्या सांध्यात भोक खाचेशी जुळले नाही तर नट मागे घ्यायचा नाही, पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा. चाकाच्या बेअरिंगवर मात्र उलट; तेथे किंचित सैल करून जुळवतात, अन्यथा बेअरिंग तापते. पिन दर वेळी नवी हवी.

नायलॉनची कडी असलेला नट सोयीचा खरा, पण साधारण 120 अंश सेल्सिअसपुढे नायलॉन दम सोडतो. म्हणून धुराड्याच्या जोडावर तो वर्ज्य. तेथे पितळी नट बसवावेत, ते गंजून धरतही नाहीत.

सर्वांत फसवी गोष्ट आट्यांची. जुन्या ब्रिटिश गाड्यांतील व्हिटवर्थ आट्यांचा कोन 55 अंशांचा, तर पुढच्या युनिफाइड आट्यांचा 60. पाव इंची जाड आट्यांच्या बोल्टात दोन्हींकडे इंचाला 20च आटे असतात. त्यामुळे एकाचा नट दुसऱ्यावर बिनतक्रार चढतो, घट्टही वाटतो. प्रत्यक्षात आट्यांच्या बाजू पुरत्या टेकलेल्या नसतात. अशा जोडाला कोणताही लॉक वाचवत नाही. नट घेण्याआधी आटे मोजण्याची पट्टी लावून पाहणे, एवढाच उपाय.

पेडण्याच्या किनारपट्टीवर खारा वारा आणखी एक पेच टाकतो. स्टेनलेस बोल्ट गंजत नाही म्हणून सर्वत्र वापरला, तर ॲल्युमिनियमच्या भागाशी त्याचे विद्युत-रासायनिक वैर जडते आणि ॲल्युमिनियमच खाल्ले जाते. शिवाय सर्वसाधारण स्टेनलेस बोल्ट 8.8 दर्जाच्या पोलादाहून कमजोर असतो. सुकाणू वा ब्रेकवर तो नकोच.

केंद्राच्या 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीला विंटेज नोंदणी मिळते, मात्र चॅसी, सांगाडा वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. नट बदलणे काही त्यात मोडत नाही. काम संपल्यावर प्रत्येक महत्त्वाच्या नटावरून बोल्टावर रंगाची बारीक रेघ ओढावी. पहिल्या काही फेऱ्यांनंतर रेघ तुटलेली दिसली, तर नट फिरला आहे.