थेंबे थेंबे प्रकाश साचे

भर दुपारचं ऊन आणि पौर्णिमेचं पिठूर चांदणं यांच्यात उजेडाचा फरक किती असेल? दहा पट? शंभर पट? उत्तर आहे सुमारे ४ लाख पट. तरीही चांदण्यात आपण पायवाट ओळखतो, अंगणात समोर बसलेल्या माणसाचा चेहरा ओळखतो. हे घडतं ते डोळ्यामुळे. अंधारात वीस-तीस मिनिटं घालवली की डोळा सरावतो आणि किती सरावतो ते १९४२ मध्ये हेश्ट, श्लेअर आणि पिरेन या तिघा शास्त्रज्ञांनी मोजून दाखवलं. प्रकाशाचे अवघे पाच ते सात कण, म्हणजे फोटॉन, डोळ्याच्या पडद्याने टिपले तरी माणसाला ‘काहीतरी चमकलं’ हे कळतं.

असा हा डोळा एका बाबतीत मात्र कमी पडतो. त्याला साठवण जमत नाही. सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात जो प्रकाश येईल तेवढाच तो जमेस धरतो आणि लगेच पाटी कोरी करतो. कॅमेऱ्याची पाटी आपण सांगेपर्यंत कोरी होत नाही. रात्रीची फोटोग्राफी शिकणं म्हणजे मुळात ही साठवण शिकणं.

तासाचे चार सेकंद

उन्हातल्या फोटोसाठी छायाचित्रकारांचा एक जुना ठोकताळा आहे: ॲपर्चर (प्रकाश आत येण्याचं लेन्समधलं भोक) एफ/१६, आयएसओ १०० आणि शटर सेकंदाच्या शंभराव्या भागापुरतं उघडं. आता हेच दृश्य, याच सेटिंगवर, पौर्णिमेच्या चांदण्यात घ्या. एक शतांश सेकंदाची ४ लाख पट म्हणजे ४,००० सेकंद. एका फोटोला १ तास ६ मिनिटं ४० सेकंद!

हा तास कमी करायचा कसा? ॲपर्चर एफ/१६ वरून एफ/२ वर आणा. प्रत्येक ‘स्टॉप’ला प्रकाश दुप्पट होतो. इथे सहा स्टॉप आहेत, म्हणजे ६४ पट प्रकाश. ४,००० सेकंदांचे साधारण ६२ झाले. आयएसओ १०० वरून १६०० केला की आणखी १६ पट, आणि उरले ४ सेकंद. अमावास्येला नुसत्या ताऱ्यांचा उजेड पौर्णिमेच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी असतो. तिथे याच ४ सेकंदांचे किमान ४०० सेकंद, म्हणजे जवळजवळ सात मिनिटं होतात.

शिकाऊ माणूस फसतो तो आयएसओपाशी. आयएसओ वाढवल्याने प्रकाशाचा एकही कण जास्त येत नाही. आलेल्या कणांचा आवाज तेवढा मोठा होतो. फोटॉन पावसाच्या थेंबांसारखे कसेही, केव्हाही पडतात. एका पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन पडणार असतील तर त्यात दहाएकची चूकभूल धरावी लागते, म्हणजे १० टक्के. १०,००० पडणार असतील तर चूकभूल १००, म्हणजे फक्त १ टक्का. रात्रीच्या फोटोत दिसणारे रवाळ ठिपके बरेचसे या चूकभुलीचे असतात. म्हणूनच एकाच दृश्याचे १०० फोटो घेऊन एकत्र केले की रवाळपणा दहापट उतरतो. वेळ दिला की प्रकाश मिळतो. दुसरी पळवाट नाही.

स्थिर काहीच नाही

वेळ दिला की त्या वेळात जे जे हलतं ते ते चित्रात उतरतं. घाटातून ताशी ३६ किलोमीटर वेगानं उतरणारी एसटी सेकंदाला १० मीटर जाते. शटर हजारांश सेकंद उघडलं तर ती १ सेंटिमीटरच सरकते आणि फोटोत स्थिर वाटते. तेच शटर ३० सेकंद उघडं ठेवलं तर एसटी दिसेनाशी होते आणि मागच्या दिव्यांची ३०० मीटर लांब लाल रेघ घाटाच्या वळणांनी उतरते.

गाडी नसली तरी रेघा येतातच, कारण पृथ्वी फिरते. भंडारदऱ्याच्या काठी ट्रायपॉड रोवून आपण निश्चल उभे असतो असं वाटतं खरं, पण त्या अक्षांशावर जमीन आपल्याला सेकंदाला सुमारे ४४० मीटर वेगानं पूर्वेकडे नेत असते. तारे ठिपक्यांसारखे हवे असतील तर ५०० ला लेन्सच्या फोकल लेंग्थने भागा, हा ढोबळ नियम. २४ मिलिमीटरच्या लेन्सला साधारण २१ सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात आपण ट्रायपॉडसकट ९ किलोमीटर पुढे गेलेलो असतो! तासभर शटर उघडं ठेवलं तर प्रत्येक तारा ध्रुवाभोवती १५ अंशांचा कंस काढतो. ध्रुव तेवढा जागेवर बसल्यासारखा दिसतो आणि त्याचा जो प्रकाश आज आपल्या सेन्सरवर पडतो, तो शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आधीच तिथून निघालेला असतो.

पिकोसेकंद ते आठ वर्षं

या साठवणीची दोन टोकं पाहिली की मन थक्क होतं. नाशिकला जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले रमेश रासकर आणि त्यांचे एमआयटीतले सहकारी यांनी २०११ च्या सुमारास प्रकाशाचीच धाव टिपली: सेकंदाला सुमारे एक लाख कोटी चित्रं. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर धावतो, पण एका पिकोसेकंदात, म्हणजे यातल्या एका चित्राच्या वेळात, त्याची मजल ०.३ मिलिमीटरच पडते. बाटलीतून लेसरचा झोत सरकताना त्यांनी दाखवला. ही सरक एका नॅनोसेकंदाची. ती टिपायला मात्र सुमारे तासभर तोच झोत पुन्हा पुन्हा सोडावा लागला. इतक्या वेगवान कॅमेऱ्यालाही थेंब थेंबच जमवावा लागला.

दुसऱ्या टोकाला हबल दुर्बीण. सप्टेंबर २००३ ते जानेवारी २००४ या काळात तिने चंद्रबिंबाच्या दशांश रुंदीच्या, रिकाम्या दिसणाऱ्या आभाळाच्या तुकड्याकडे एकूण ११.३ दिवस पाहिलं. ८०० फोटो एकत्र केल्यावर त्या तुकड्यात सुमारे १०,००० दीर्घिका उमटल्या. त्यांतल्या सर्वांत अंधूक दीर्घिकांचा प्रकाश मिनिटाला एक फोटॉन या हिशेबाने येत होता.

याला दुर्बीणच लागते असंही नाही. ब्रिटनमध्ये रेजिना वाल्केनबर्ग हिने २०१२ मध्ये बिअरच्या डब्याला सुईएवढं भोक पाडून आत फोटोचा कागद लावला आणि तो डबा हर्टफर्डशर विद्यापीठाच्या वेधशाळेत बांधला. तो उतरवला गेला २०२० मध्ये. ८ वर्षं १ महिना, म्हणजे २५ कोटींहून जास्त सेकंदांचा एक फोटो! त्यात सूर्याचे २,९५३ कंस मोजता आले.

काजव्यांचं झाड

आपल्या सह्याद्रीत हीच साठवण दरवर्षी मेअखेरीस बघायला मिळते. पाऊस तोंडावर आला की भंडारदरा, पुरुषवाडी परिसरात हिरडा-बेहड्याची झाडं काजव्यांनी लखलखतात. काजव्याची चमक सेकंदाच्या अंशाची. ३० सेकंदांचे १२० फोटो सलग घेऊन एकावर एक ठेवले की तासभरातल्या सगळ्या चमका एका चित्रात येतात आणि झाड दिव्यांनी मढलेलं दिसतं. हे चित्र खोटं नसतं. त्या तासात तिथे खरोखर घडलेलंच सगळं असतं, डोळा फक्त त्याची बेरीज करू शकत नाही.

पण ही चमक आपल्या फोटोसाठी नसते. त्या इवल्या दिव्याने नर मादीला शोधत असतो आणि पंख फुटल्यावर त्याच्या हाती जेमतेम काही आठवडे असतात. एका टॉर्चच्या झोतात ती खूण बुडून जाते. आपल्या डोळ्यांनी अर्ध्या तासात कमावलेलं सरावलेपणही त्याच झोतात एका क्षणात जातं. महाराष्ट्रातला पेंच व्याघ्रप्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरला, कारण तिथे अंधार जपण्यासाठी माणसांनी कष्ट घेतले. काजव्यांच्या झाडाखाली तेवढेही कष्ट लागत नाहीत. यंदा गेलात तर पोहोचण्याआधीच टॉर्च बंद करा, मोबाइल खिशात ठेवा, गाडीचे दिवे मालवा आणि अर्धा तास नुसते उभे राहा. फोटो त्यानंतर काढा.