मेलो की मेले?

गेम खेळणारं पोर, पडद्यावरचा नायक दरीत कोसळला की 'तो मेला' म्हणत नाही. 'मी मेलो' म्हणून ओरडतं. खेळणारी मुलगी असेल तर 'मेले'. नायक मिशाळ मारिओ असला तरी 'मेले'च. कादंबरी वाचताना आपण शेजारी उभे असतो. गेममध्ये थेट त्या अंगात शिरतो. म्हणूनच ते अंग कुणाचं, बाईचं की पुरुषाचं, गोरं की काळं, यावरून गेमच्या दुनियेत एवढी भांडणं होतात.

मराठी क्रियापद लिंग लपवू देत नाही. जपानी देतं, आणि निन्टेन्डोने १९८६ साली 'मेट्रॉइड'मध्ये त्याचा फायदा घेतला. डोक्यापासून पायापर्यंत चिलखतात असलेला योद्धा, नाव सॅमस. इंग्रजी माहितीपुस्तिकेने तर त्याला सरळ पुरुष करून टाकलं होतं. गेम पाच तासांच्या आत संपवला की शिरस्त्राण उतरायचं आणि आत बाई निघायची. ही कल्पना गेम तयार होत असताना कुणालातरी सहज सुचलेली! पण पुढची गंमत तितकीशी गंमत नाही. एका तासाच्या आत संपवणाऱ्याला सॅमस बिकिनीत दिसे. हे बक्षीस कुणासाठी ठेवलं होतं, ते उघड आहे. दहा वर्षांनी आलेल्या 'टूम्ब रेडर'च्या लारा क्रॉफ्टला चिलखतही मिळालं नाही.

२०१४ साली 'असॅसिन्स क्रीड युनिटी'त चौघांनी मिळून खेळायची सोय होती आणि चौघेही पुरुष. बाई का नाही, असं विचारल्यावर युबिसॉफ्टकडून उत्तर आलं: काम दुप्पट होतं. चालणं, चढणं, कपड्यांची सळसळ, सगळं नव्याने करावं लागतं. ऐकायला पटतं. पण याच मालिकेवर पूर्वी काम केलेल्या एका अ‍ॅनिमेटरने, हे एकदोन दिवसांचं काम आहे, असं जाहीरपणे सांगितलं. शिवाय याच कंपनीने दोनच वर्षांपूर्वी अव्हेलीन ही फ्रेंच बाप आणि आफ्रिकी आईची लेक नायिका केली होती. तेव्हा जमलं होतं की!

वर्णाचा घोळ आणखी सूक्ष्म. 'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी' (२०१७) घडतो आपल्या सह्याद्रीच्या रांगेतच, पण पार खाली, होयसळांच्या कर्नाटकात. नायिका क्लोई अर्धी भारतीय, जोडीदारीण नदीन दक्षिण आफ्रिकेची कृष्णवर्णीय. दोघींचे आवाज मात्र गोऱ्या अभिनेत्रींचे. चेहरा बदलला, गळा तोच राहिला.

'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' (२०२०) पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. पार्श्वभूमी पहाडी चित्रशैलीच्या वळणाची, आणि मधली कथानकं छायाबाहुल्यांतून उलगडतात. पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या पाहिलेल्याला घरचंच काही पाहिल्यासारखं वाटेल. राजी ही कसरती करणारी पोरगी, भाऊ गोलू बाहुल्या नाचवणारा. रक्षाबंधनाच्या दिवशी असुर गोलूला पळवतात. राखी बांधून घेणाऱ्याने रक्षण करायचं, ही आपली रीत. इथे बांधणारीच दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन निघते. वाटेत कितीदा तरी पडते, आणि तिला खेळवणारा पोरगा प्रत्येक वेळी ओरडतो, 'मेलो!'