सशाची स्वच्छता पाण्याने होत नाही

पाळीव सशाला महिन्यातून एकदा तरी आंघोळ घालायलाच हवी, हा समज आपल्याकडे इतका रुजला आहे की प्राण्यांच्या दुकानांत सशांसाठी म्हणून शाम्पूच्या बाटल्याही मिळतात. त्यामागची भावना चांगलीच असते. पांढऱ्या सशाच्या पायांवर पिवळट डाग पडतात, शेपटीखाली लेंड्या चिकटतात, पिंजऱ्याला वास मारतो. पाहणाऱ्याला वाटते, ससा मळला, आता धुवायला हवा. पण निरोगी ससा जागेपणीचा बराच वेळ स्वतःचे अंग चाटण्यातच घालवतो. पुढचे पंजे चाटून तोंड पुसतो, एकेक कान खाली ओढून साफ करतो, मान वळवून पाठीपर्यंत पोचतो. अशा प्राण्याच्या अंगावर मळ साचून राहिला, तर त्याला स्वतःला साफ करता का आले नाही हे आधी शोधायला हवे. मळ धुऊन टाकला की आजाराची ती खूणच पुसली जाते, आणि आजार आत तसाच वाढत राहतो.

आंघोळीने थेट काय बिघडते ते आधी पाहू. सशाच्या वरच्या केसांखाली अतिशय दाट, मऊ लोकरीचा थर असतो. तो भिजला की ओल्या गोधडीसारखा पाणी धरून ठेवतो आणि पावसाळी हवेत तासन् तास वाळत नाही. सशाच्या शरीराचे तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असते. ओल्या लोकरीमुळे ते झपाट्याने खाली येते. लहान पिल्लू त्यात दगावूही शकते. त्वचा फार पातळ असते, ओलसर राहिली की ती सोलवटते. याहून मोठा धोका भीतीचा आहे. ससा हा दुसऱ्याचे भक्ष्य होणारा प्राणी. पाण्यात धरून ठेवला की सुटण्यासाठी तो मागचे पाय सगळ्या ताकदीने झाडतो. त्या पायांचे स्नायू बळकट, पण हाडे नाजूक. सगळा सांगाडा शरीराच्या वजनाच्या जेमतेम ७-८ टक्के. त्यामुळे अशा एखाद्या झटक्यात सशाचा कमरेतला मणका मोडू शकतो आणि मागचे पाय कायमचे लुळे पडू शकतात.

यावर बरेच जण सांगतात की आमचा ससा पाण्यात अगदी शांत बसतो, उताणा धरला तर डोळे मिटून पडून राहतो. ही शांतता समाधानाची नाही. शत्रूने पकडल्यावर निपचित पडणे हा सशाचा शेवटचा बचाव आहे आणि त्या अवस्थेत त्याचे शरीर प्रचंड ताणाखाली असते. रानातले ससे पावसात भिजतातच की, असाही एक आक्षेप असतो. आपला पाळीव ससा स्पेन-पोर्तुगालकडच्या, जमिनीत बिळे करून राहणाऱ्या रानसशांचा वंशज आहे. पाऊस आला की ते कोरड्या बिळात शिरतात. वरवर चार थेंब झेलणे आणि तळाच्या लोकरीपर्यंत साबणपाण्यात बुडणे, यांत फार अंतर आहे. आपल्या माळरानांवर दिसणारा ससा तर वेगळ्याच जातीचा. तो बिळेही करत नाही. त्याच्यावरून घरातल्या सशाचा हिशेब मांडता येत नाही. नागपूर, अकोला, जळगावकडे उन्हाळ्यात गारव्यासाठी आंघोळ घालतात. त्यामागची काळजी खरी आहे, कारण तापमान ३० अंशांच्या वर गेले की सशाला उन्हाचा त्रास होऊ लागतो. पण तापलेल्या सशावर गार पाणी ओतले तर त्या धक्क्यानेच तो कोसळू शकतो. सशाच्या अंगातली उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर पडते. म्हणून ओल्या फडक्याने कान हलके पुसावेत, गोठवलेली पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवावी, बसायला गार फरशी द्यावी.

आता शेपटीखालच्या घाणीकडे येऊ. ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. गोल, कोरड्या, कडक लेंड्या आपल्याला पिंजऱ्यात दिसतात. दुसऱ्या मऊ, चकचकीत, एकमेकींना चिकटलेल्या आणि उग्र वासाच्या असतात. त्या बहुधा रात्री किंवा पहाटे येतात आणि निरोगी ससा त्या गुदद्वाराशी तोंड नेऊन थेट खाऊन टाकतो. हे पाहून अनेकांना किळस येते, काही जण त्याला तसे करण्यापासून अडवू पाहतात. परंतु या मऊ लेंड्या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत जिवाणूंनी आंबवून तयार केलेल्या असतात. त्यांत प्रथिने आणि ब व के जीवनसत्त्वे असतात. त्या खाणे हा सशाच्या जेवणाचाच भाग आहे, आणि त्या खाता आल्या नाहीत तर तो हळूहळू कुपोषित होतो.

म्हणजे शेपटीखाली मऊ लेंड्यांचा लगदा साचला, तर ससा एक तर तिथपर्यंत पोचत नाही किंवा गरजेपेक्षा जास्त लेंड्या तयार होत आहेत. पोचत नाही, कारण तो लठ्ठ झाला आहे, त्याचे सांधे आखडले आहेत, नाहीतर दात दुखत आहेत. जास्त तयार होतात, कारण खाण्यात गवत कमी आणि साखर-पिठाचे पदार्थ जास्त आहेत. पोळीचे तुकडे, भात, बिस्किटे, वाडगाभर पेलेट, रोजचे गाजर हे सगळे त्यात आले. वाढ पूर्ण झालेल्या सशाच्या आहारात सुमारे ८० टक्के वाटा गवताचा, मुख्यतः वाळलेल्या गवताचा हवा. लसूणघास पौष्टिक म्हणून रोज दिला जातो, तोही मोठ्या सशाला मानवत नाही. ससा अन्नातले कॅल्शियम इतर प्राण्यांपेक्षा खूप जास्त शोषून घेतो आणि जादा झालेले लघवीवाटे टाकतो. लसूणघासात कॅल्शियम भरपूर. मग लघवी खडूच्या पाण्यासारखी दाट होते, मूत्राशयात गाळ साचतो, लघवी ठिबकत राहते आणि मांड्यांची त्वचा भाजल्यासारखी लाल होते. इतकी लांब साखळी शाम्पूने कुठेच तुटत नाही.

पावसाळ्यात या घाणीकडे दुर्लक्ष करून चालत नाही, हेही तितकेच खरे. लघवीने किंवा लेंड्यांनी ओल्या झालेल्या केसांत माश्या अंडी घालतात. उष्ण, दमट हवेत १२ ते २४ तासांत अळ्या बाहेर येतात आणि जिवंत त्वचा कुरतडू लागतात. यात ससा एक-दोन दिवसांत दगावू शकतो. मग अळ्यांच्या धास्तीने तरी धुवायला नको का? भिजलेला भाग स्वच्छ करायलाच हवा, पण तेवढाच भाग. कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने लगदा मऊ करून काढावा आणि मुळांपर्यंत पूर्ण कोरडे पुसावे. ओली लोकर माशीला आणखी ओढते, म्हणून कोरडे करणे धुण्याइतकेच महत्त्वाचे. त्यानंतर आहार बदलावा आणि वजन, दात व सांधे पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावेत. पावसाळाभर सकाळ-संध्याकाळ शेपटीखाली पाहायची सवय ठेवावी.

केसांच्या बाबतीत मात्र माणसाची मदत खरोखर लागते. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे चाटताना पोटात गेलेले केस पुढेच सरकावे लागतात. एरवी आठवड्यातून एकदा, केस गळण्याच्या दिवसांत रोज, मऊ ब्रशने किंवा ओलसर हाताने सुटे केस काढावेत. लांब लोकरीच्या अंगोरा सशाला तर ही निगा सतत लागते. हा ससा हिमाचलच्या थंड हवेत लोकरीसाठी पाळतात, मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये हौसेने आणण्याजोगा तो नाही. केसांचा गोळा होऊन पोट बंद पडते, हा समज उलटा आहे. निरोगी सशाच्या पोटातही केस असतातच. तंतुमय चारा कमी पडला, पाणी कमी प्याले गेले किंवा दुखण्याने आतड्यांची हालचाल मंदावली की तेच केस अन्नासकट सुकून घट्ट बसतात. अननसाचा रस पाजल्याने केस विरघळतात असे सांगतात. केस केरॅटिनचे असतात, अननसातला घटक ते पचवू शकत नाही, आणि रसातल्या साखरेने पोट आणखी बिघडते. केसांचा गुंता कात्रीने कापणे तर फारच धोक्याचे, कारण गुंत्यासोबत पातळ त्वचा वर उचलली जाते आणि तीच कापली जाते.

राहिला वास. सशाच्या अंगाला जवळपास वास नसतो. वास येतो तो साचलेल्या लघवीतल्या अमोनियाचा. तो सशाच्या नाका-फुप्फुसांनाही घातक असतो. ससे आपणहून बहुधा एकाच कोपऱ्यात लघवी करतात. तिथे पसरट ट्रे ठेवून तळाशी कागद, वर गवत घातले आणि रोज बदलले, तर पिंजरा धुण्याची वेळच क्वचित येते. घाण खाली पडावी म्हणून जाळीची तळजमीन देतात. सशाच्या तळपायांना कुत्र्या-मांजरासारख्या गाद्या नसतात, फक्त केस असतात, त्यामुळे तारेवर बसून टाचांना जखमा होतात. वयात आलेला नर भिंतींवर लघवी उडवतो, ते नसबंदीने बरेच थांबते. मादीची शस्त्रक्रिया तर गर्भाशयाच्या कर्करोगापासूनही तिला वाचवते, आणि चार वर्षांपुढच्या माद्यांत तो बराच आढळतो. लघवी कधी नारिंगी-लाल दिसते. ती बहुतेकदा चाऱ्यातल्या रंगद्रव्यांमुळे. रक्ताची शंका असेल तर तपासणी करावी.

नखे १८ असतात आणि चार-सहा आठवड्यांनी टोके कापावी लागतात. काळ्या नखात रक्तवाहिनी कुठवर आहे ते मागून टॉर्च धरला की दिसते. दात मात्र घरी कधीच कापू नयेत. सशाचे सगळे, २८ही दात जन्मभर वाढतात आणि गवत चघळूनच झिजतात. नेलकटरने कापल्यास ते उभे चिरतात व मुळाशी पू होतो. कानात काडी घालू नये. जाड खपल्या दिसल्या तर ते बहुधा खरजेचे किडे असतात आणि त्यावर औषधच लागते. कोंडा आणि गोल चट्टे यांवरही शाम्पूचा उपाय नाही: पहिल्यामागे अनेकदा त्वचेवरचे बारीक किडे असतात, दुसऱ्यामागे गजकर्ण, आणि ते माणसांनाही होते. पिसवांसाठी कुत्र्याचे औषध सशावर वापरू नये. अशा अनेक औषधांत फिप्रोनिल असते आणि ते सशाला विषारी ठरते. १२ तास सशाने काही खाल्ले नाही, लेंड्या बंद झाल्या किंवा शेपटीखाली एक जरी अळी दिसली, तर उद्याची वाट न पाहता, शक्यतो ससे तपासण्याची सवय असलेल्या पशुवैद्यकाकडे त्याला न्यावे.